खेळातला शेतकरी जेवतो कधी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझे थोरले भाऊ गावाहून आले होते. कापसाची पहिली वेचणी बाजारात घालून ते त्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला थांबले. असरची नमाज पढून आले आणि बैठकीत टेकले. समोर माझा नववीतला मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ लॅपटॉपवर ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत होते.

भाईजाननी विचारले, “काय चाललंय रे?”

“राज्य चालवतोय मामू,” मुलगा म्हणाला आणि उत्साहाने समजावू लागला. हे आपले गाव. हे गावकरी. साठ लाकूड खर्च केले की शेत तयार होते. त्यावर एक गावकरी लावून दिला की तो काम करत राहतो. अन्न जमते, त्या अन्नातून सैनिक तयार होतात.

भाईजान बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “यात पाऊस कधी पडतो?”

“पाऊस नसतो मामू.”

“बरं. मग हा माणूस जेवतो कधी?”

मुलाची बोटे चालूच होती. “तो नाही जेवत. बनवताना एकदाच पन्नास अन्न लागतं, मग लागतच नाही.”

“असा एक गडी मलाही मिळवून दे बाबा,” भाईजान म्हणाले आणि सगळे हसले. मीही स्वयंपाकघरातून हसले. पण पोळ्या लाटता लाटता तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला, तो बसलाच. आमची मुले राज्य कसे चालते हे ज्या खेळांतून शिकत आहेत, त्या खेळांतला शेतकरी जेवतो कधी?

सोपा खेळ आणि त्याचा हिशोब

आधी खेळाची बाजू समजून घेऊ. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ मध्ये आला आणि आजही जगभर खेळला जातो. भारतातल्या राजवंशांवरची त्याची पुरवणी २०२२ मध्ये निघाली. या खेळात सगळी अर्थव्यवस्था चार गोष्टींत बसवली आहे : अन्न, लाकूड, सोने आणि दगड. खाणीतले सोने संपते. शेतही काही काळाने संपते आणि पुन्हा साठ लाकूड देऊन ते उभे करावे लागते. बाजारात एखादी वस्तू विकत राहिलो की तिचा भाव उतरतो. घरे बांधल्याशिवाय माणसे वाढत नाहीत. एवढे नियम दहा वर्षांच्या मुलालाही एका दुपारी समजतात.

हे सोपेपण आळसातून आलेले नाही. डाव तासाभरात संपायला हवा, खेळणाऱ्याला झटपट निर्णय घेता यायला हवेत. प्रत्येक गावकऱ्याला दोन वेळचे जेवण, आजारपण आणि लग्नकार्य लावून दिले तर लढाई सुरूच होणार नाही. बुद्धिबळात तर प्यादे पगारही मागत नाही, तरीही शेकडो वर्षे माणसे बुद्धिबळ खेळत आहेत. त्यामुळे ‘खेळात खरे आयुष्य नाही’ ही तक्रार मला पटत नाही. काही ना काही वगळल्याशिवाय कोणताच खेळ तयार होत नाही.

प्रश्न एवढाच की वगळले काय?

याच प्रकारचा, याहूनही जुना एक खेळ आहे, ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर यांचा हा खेळ १९९१ मध्ये आला. त्याचीही चित्रे साधी, हिशोबही साधा. पण त्यात एक छोटा नियम आहे : शहरातला प्रत्येक नागरिक दर फेरीला दोन अन्न खातो. आजूबाजूच्या जमिनीतून तेवढे आले नाही तर कोठारातला साठा उतरतो, आणि कोठार रिकामे झाले की शहराची लोकसंख्या घटते. नियम एका ओळीचा आहे. पण या एका ओळीमुळे खेळणाऱ्याला प्रत्येक वेळी विचार करावा लागतो, की माणसे खाणीवर पाठवू की शेतावर ठेवू? दोन्ही खेळ सोपेच. एकाने भूक वगळली, दुसऱ्याने ठेवली.

कठीण खेळ आणि त्याचा हिशोब

माझा एक भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. ईदला तो आला तेव्हा मी त्याला हाच प्रश्न विचारला. त्याने मला ‘व्हिक्टोरिया ३’ दाखवला. हा स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीचा २०२२ मधला खेळ. त्यात १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षे असतात. आपण एक देश चालवायचा. त्यात धान्य, कापड, कोळसा, कापूस अशा अनेक वस्तू आहेत. मागणी वाढली की भाव चढतो, माल जास्त झाला की पडतो. लोकांचे गट आहेत : शेतकरी, मजूर, कारकून, जमीनदार. प्रत्येक गटाच्या गरजा आहेत. धान्य महागले की गरिबांचे राहणीमान खाली येते आणि ते चिडतात.

मी मनात म्हटले, हाच खरा खेळ. भाईजानना हाच दाखवायला हवा.

पण दोन संध्याकाळी भाच्याशेजारी बसूनही मला तो नीट समजला नाही. पडद्यावर आकडेच आकडे. एका आकड्यावर बोट ठेवले की खाली आणखी दहा आकडे उघडतात. भाच्याने प्रांजळपणे सांगितले, “मावशी, मला स्वतःला खेळ हातात यायला महिना लागला. आणि अजूनही कधी कधी मी का जिंकलो ते कळत नाही.” त्यातही माणूस एकेकटा दिसत नाही, दिसतात ते हजारोंचे गट. शेतकरी जेवला की नाही हे त्या खेळाला माहीत असते, पण ते आपल्यापर्यंत पोहोचायला चार तक्ते उलटावे लागतात.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की आकडे जास्त म्हणजे सत्य जास्त, असे नाही. वर्गातही आपण हे पाहतोच. पन्नास सनावळ्या पाठ असलेल्या मुलाला इतिहास समजला आहे असे कोण म्हणेल?

ही नजर कोणाची?

राज्य चालवण्याच्या या सगळ्या खेळांत आणखी एक गोष्ट सारखी आहे. आपण वरून पाहतो. आपल्याला शेत दिसते, चूल दिसत नाही.

ही नजर संगणकाने आणलेली नाही, ती फार जुनी आहे. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून वऱ्हाड अकबराच्या राज्यात गेले. अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा वृत्तांत आहे, त्यात मेहकर सरकार आहे आणि आपले लोणारही आहे. लोणारच्या परिसरात साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो आणि तिथल्या क्षारांवरच्या करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, अशी नोंद तिथे सापडते. महसुलाचे आकडे दामांत दिलेले आहेत, चाळीस दामांचा एक रुपया. ग्रंथ मोलाचाच आहे. पण तो ग्रंथ दफ्तराचा आहे. लोणारच्या काठी तो क्षार कोण काढत होते, त्यांच्या घरी त्या वर्षी काय शिजले, हे दफ्तराला विचारायचे नव्हते.

राज्य चालवण्याचे खेळ याच दफ्तराच्या खुर्चीवर बसवतात. मुलगा त्या खुर्चीत बसतो, यात वाईट काही नाही. पण ती खुर्ची आहे, सगळे जग नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

खामगावचा डाव

आता खुर्चीवरून खाली उतरू या आणि आपल्याच जिल्ह्यात खरोखर खेळला गेलेला एक डाव पाहू.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तोपर्यंत इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले. आज चांदीसाठी ओळखले जाणारे खामगाव तेव्हा कापसाच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक होते.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरवाले रस्त्यावर आले, त्याच्या कथा आपण वाचतो. इथे मात्र कापूस थांबला नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. कापसासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे खास आयुक्त नेमलेले होते. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. अवघ्या बारा-तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉय आले. यावरून कापसाचे वजन कळावे.

दफ्तराच्या खुर्चीवरून पाहिले तर हा डाव जिंकलेला आहे. रेल्वे आली, बाजार वाढला, निर्यात वाढली, सारा वेळेवर जमा झाला. खेळात असते तर पडद्यावर सोन्याचा आकडा चढताना दिसला असता.

पण ज्या शेतात ज्वारी होती तिथे कापूस आला. धान्य आता घरच्या कणगीतून नव्हे, बाजारातून यायचे होते. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० मध्ये त्याहूनही भयंकर. रेल्वे होती, बाजार होता, बाजारात धान्यही होते. ज्यांच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता, ती माणसे मेली. एवढे सगळे एका लहान प्रश्नावर येऊन थांबते : चार शेतांपैकी किती शेतांत खायचे पेरायचे आणि किती शेतांत विकायचे?

हा प्रश्न भाईजान आजही दर मे महिन्यात करतात. फक्त ज्वारीच्या जागी आता बहुतेक सोयाबीन आहे आणि तेही विकायचेच आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. हा विषय आमच्या वर्गात पुस्तकातून येत नाही. तो बाकावरच बसलेला असतो.

वर्गातला फसलेला खेळ

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहासाचे शिक्षक दीर्घ रजेवर असताना काही महिने तो विषय माझ्याकडे होता. वरचा सगळा भाग मी मुलांना तोंडी सांगितला तेव्हा त्यांनी शहाण्यासारखे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेली. म्हणून मी एक खेळ करायचे ठरवले. कागदी पट, फासा, चिंचोके आणि पुठ्ठ्याची नाणी.

पहिल्या वेळी मी ‘व्हिक्टोरिया’ची वाट धरली. सगळे खरे हवे! बियाणे, बैलजोडी, निंदणी, वेचणीची मजुरी, अडत्याची दलाली, रेल्वेचे भाडे, साऱ्याचे हप्ते, मुलीचे लग्न. चौदा नियम झाले. दोन तासिका गेल्या आणि आमचे अर्धे वर्षही संपले नाही. शेवटच्या बाकावरची मुले एकमेकांच्या चिंचोक्यांवर टिचक्या मारू लागली. एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, हा तर गणिताचा पेपर झाला.” तिचे बरोबर होते. खरेपणाच्या हौसेत मी खेळ मारून टाकला होता.

दुसऱ्या वेळी मी उलट टोक गाठले. चार शेते. ज्वारी किंवा कापूस. फासा टाका, पीक घ्या, विका. कापसाचा भाव ज्वारीच्या दुप्पट, कायमचा. पाच वर्षांनंतर ज्याच्याकडे जास्त नाणी तो जिंकला. मुले खूश! आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत साऱ्या वर्गाने चारही शेतांत कापूस लावला होता. एकाच गटाने दोन शेतांत ज्वारी ठेवली होती. तो गट शेवटचा आला.

तास संपल्यावर त्या गटातला एक मुलगा वह्या आवरता आवरता मला म्हणाला, “मॅडम, म्हणजे आमच्या अब्बूंना हा खेळ खेळता येत नाही, म्हणून ते कर्जात आहेत का?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मनापासून विचारत होता. मी काहीतरी उत्तर दिले, काय दिले ते आज आठवतही नाही. घरी येईपर्यंत माझ्या पायांत बळ नव्हते. मी त्या मुलाला अर्थशास्त्र शिकवायला निघाले होते, आणि शिकवले काय, तर ज्याचे नुकसान झाले तो खेळात कच्चा होता. पाऊस, भाव आणि पोट हे तिन्ही मी काढून टाकले, तेव्हा नुकसानीचे कारण म्हणून पटावर एकटा त्याचा बापच उरला.

सोप्या खेळाचा खरा धोका हाच आहे. जे वगळले ते मुलाला दिसत नाही. जे उरले त्यालाच तो सगळे जग समजतो.

सोपा पण खरा नियम

मग मी शोधू लागले, की नियम सोपा असूनही खरा कसा असतो? उत्तर आपल्याच इतिहासात सापडले.

मलिक अंबर, निजामशाहीचा तो हबशी वजीर, १६२६ मध्ये वारला. त्याची महसूल पद्धत लोकांच्या लक्षात राहिली, कारण तिचे मूळ साधे होते : प्रत्यक्ष जे पिकले त्याचा ठरावीक हिस्सा. पुढे तो हिस्सा पैशांत बदलून घेण्याची सोय झाली, पण मोजमाप पिकाचे होते. इंग्रजांनी वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी करून रयतवारी आणली आणि सारा तीस तीस वर्षांसाठी रोख ठरवून टाकला. सरकारच्या दृष्टीने हेही सोपेच. पण पहिल्या नियमात पीक बुडाले की सरकारचेही काही बुडते. दुसऱ्यात, सूट किंवा तहकुबी मिळाली नाही तर, सगळे शेतकऱ्याचेच बुडते.

आपल्याकडचा उश्रचा नियम घ्या. पावसावर पिकलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि कष्टाने, खर्च करून पाणी द्यावे लागले तर विसावा. एका ओळीत मावणारा नियम. निरक्षर शेतकऱ्यालाही पाठ होतो. तरी त्यात पाऊस आहे, विहीर आहे, मोट ओढणाऱ्याचा घाम आहे आणि पीक आलेच नाही तर देणेही नाही. सोपेपणा आणि खरेपणा यांचे वैर नसते, हे मला या एका नियमाने शिकवले. कोणती गोष्ट मोजायची हे नीट निवडले की दोन्ही एकत्र नांदतात.

त्यावरून खेळ तिसऱ्यांदा मांडला. नियम असे :

प्रत्येक गट म्हणजे एक घर. चार शेते. चांगल्या पावसात प्रत्येक शेत तीन देते, मध्यम पावसात दोन, वाईट पावसात एक. ज्वारी असेल तर पोती, कापूस असेल तर गाठोडी. घराला वर्षाला चार पोती ज्वारी खायला लागतेच. कापसाच्या गाठोड्याला चार नाणी, पण साऱ्या वर्गाचा कापूस ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाला तर दोनच. कमी पडलेली ज्वारी विकत घ्यायची तर पोत्याला दोन नाणी, वाईट वर्षी चार. नाणी नसली तर सावकार आहे : चार घ्या, पुढच्या वर्षी सहा द्या. आणि सारा. अर्धा वर्ग ‘रोख’च्या नियमाने खेळेल, दर वर्षी आठ नाणी. अर्धा ‘हिश्श्या’च्या नियमाने, पिकाचा चौथा भाग.

वाचक हो, कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही एक वाईट वर्ष खेळून पाहा. दोन शेते ज्वारी, दोन शेते कापूस. पीक आले दोन पोती आणि दोन गाठोडी. भाव पडलेला नाही. रोखवाल्याने दोन्ही गाठोडी विकून आठ नाणी केली, ती साऱ्यात गेली. खायला दोन पोती कमी. चारच्या भावाने आठ नाणी हवीत, ती सावकाराकडून. पुढच्या वर्षी बारा द्यायची. हिश्शावाल्याने एक गाठोडे सरकारला दिले, दुसरे विकून एक पोते आणले. त्यालाही एक पोते कमी पडले, पण कर्ज चारच नाण्यांचे. चांगल्या वर्षी मात्र चित्र पालटते : रोखवाला आठच देतो, हिश्शावाल्याची तीन गाठोडी म्हणजे बारा नाणी जातात. म्हणजे कोणताही नियम फुकट नाही. मुलांनी हेही बरोबर ओळखले.

खेळ एका तासिकेत संपला. कोणाला चौदा नियम आठवावे लागले नाहीत. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी कापूस लावला, भाव दोनवर आला आणि वर्गात शांतता पसरली. एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, सगळ्यांनी एकच पेरलं म्हणून पडला ना भाव? मग आधी ठरवून पेरू.” मी म्हटले, ठरवा. पाच मिनिटे चर्चा झाली. ठरले. पेरणी झाली तेव्हा दोन गटांनी शब्द मोडला होता. मग जे भांडण झाले त्यात मी फारसे पडले नाही. एवढे अर्थशास्त्र मी बीएडला असताना शिकले नव्हते.

आणि तो मुलगा? त्याचा गट रोखच्या नियमाने खेळत होता. फाशाने लागोपाठ दोन वाईट वर्षे दिली. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण आधीच्या कर्जातच सगळे गेले. तो नाणी मोजत म्हणाला, “आम्ही तर काहीच चुकीचं नाही खेळलो.” मग क्षणभर थांबून हळूच म्हणाला, “अब्बूंचंही असंच झालं असेल.”

मी फळा पुसत राहिले.

घरातल्या पटावरचा नियम

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘व्यापार’ खेळला आहे. मुंबई, दिल्ली, मद्रास विकत घ्यायचे, घरे बांधायची, भाडे वसूल करायचे आणि बाकीच्यांना कंगाल करायचे. हा खेळ ज्या ‘मोनोपॉली’वरून आला तिचे मूळ फार कमी लोकांना माहीत असते. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या नावाने त्याचे पेटंट घेतले होते. जमीन मोजक्या हातांत गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात हे लोकांना कळावे, हा तिचा हेतू. पुढे तिने नियमांचे दोन संच ठेवले. एकात मालक सगळे गिळतो. दुसऱ्यात संपत्ती वाढली की तिचा फायदा सर्वांना मिळतो. दोन्ही खेळा आणि फरक पाहा, असे तिचे म्हणणे होते. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने ‘मोनोपॉली’ बाजारात आणली आणि मॅगीबाईंचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले. पट तोच राहिला. जगभर पसरला तो मात्र पहिलाच संच.

जो खेळ इशारा म्हणून केला होता, तो आपण मजा म्हणून खेळलो. एक नियम गळला आणि खेळाचा अर्थ उलटा झाला.

म्हणून पालकांना माझे सांगणे साधे आहे. खेळ बंद करू नका. माझ्याही घरात तो चालू आहे. अभ्यास आणि झोप सांभाळून तासभर खेळला तर मुलगा त्यातून नकाशा, नियोजन, काटकसर शिकतोच. फक्त कधीतरी शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. यात जेवते कोण आणि कोण जेवत नाही? पीक बुडाले तर नुकसान कोणाचे? आणि हरणारा हरला तो चुकीमुळे की नियमामुळे? उत्तरे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. मूल शोधेल. शोधता शोधता त्याला आपल्या मामूंचे शेतही दिसेल.

मागच्या महिन्यात भाईजान पुन्हा आले होते. माझ्या मुलाने लॅपटॉप बाजूला ठेवला आणि माझा पुठ्ठ्याचा पट काढला. भाईजान चष्मा लावून बसले. चार शेतांपैकी तीनमध्ये ज्वारी लावली, एकातच कापूस. मुलगा म्हणाला, “मामू, असं खेळलात तर जिंकणार नाही.”

“जिंकायचं कोणाला आहे बेटा,” भाईजान फासा हातात खुळखुळवत म्हणाले, “पुढच्या वर्षीही पेरायचंय.”